मनगटावरचं जेवण

महाड,
१९ जानेवारी २०२५

ती. आईंस,
आम्रपालीचा सविनय जयभीम, वि. वि.

पत्र श्रीपतभावोजींच्या हाती देते आहे. त्यांची पाळी सुटली की ते औद्योगिक वसाहतीतून थेट कापड्याला येतात, तेव्हा संध्याकाळपर्यंत तुम्हाला मिळेल. फोनच करणार होते, पण परवा तुमच्या कानातल्या मशीनने शिट्ट्या मारल्या आणि तुम्ही मला आधी कुकर उतरवायला सांगून फोन ठेवून दिलात. तेव्हा आपलं पत्रच बरं.

आम्ही खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. खरं सांगायचं तर माझा जीव थाऱ्यावर नाही. तुमच्या चिरंजीवांच्या कामगार संघटनेने घरच्यांसकट सहल काढली आहे, नऊ फेब्रुवारीला, रविवारी, त्या मौजनगरीला. पाण्याच्या घसरगुंड्या आणि माणसांना उलटं टांगणारे पाळणे असलेलं मोठं पार्क. कळल्यापासून प्रियू घरात चालत नाही, उड्याच मारते. माझी नेमकी त्या दिवशी शिष्यवृत्ती परीक्षेच्या केंद्रावर नेमणूक आहे आणि ह्यांच्या गळ्यात अख्ख्या बसची जबाबदारी. म्हणून तिच्याबरोबर आजी जाईल, असं ह्यांनी तुम्हाला न विचारताच ठरवून टाकलं आहे.

आता अडलंय ते जेवणावर. तिकिटाबरोबर त्यांचा ‘मील प्लॅन’ मिळतो. घेतला तर मनगटाला कागदी पट्टा बांधतात, तो दाखवायचा आणि सकाळचा नाश्ता, दुपारचं जेवण, चारला वडे-भजी, हवं तितक्या वेळा वाढून घ्यायचं. हे म्हणतात, सुटं घेतलं तर दोन ताटांतच तेवढे पैसे जातात, असा फायदा सोडायचा कशाला. बसमधले सगळे घेणार आहेत. बाहेरचं खाणं मात्र फाटकावरच ठेवून घेतात. आई, मी यात फायदा कसा बघू? माझ्या पोरीला हवं तितकं नकोच आहे. तिला मोजकं हवं आणि वेळेवर हवं. इन्सुलिनचं इंजेक्शन टोचलं आणि ताट समोर आलं नाही तर? दीड वर्षापूर्वी तिला दवाखान्यात नेलं तो दिवस डोळ्यांसमोरून जात नाही. शाळेत कुणाचाही फोन वाजला तरी मी वर्ग सोडून दाराशी येते.

गेल्या मेमध्ये तुम्ही तिला सुट्टीला मागितलीत, मी नाही म्हटलं. दिवाळीतही नाही म्हटलं. तुम्ही बोलला नाहीत, पण तुमचा राग मला कळतो. हा एक दिवस तुमच्याजवळ नीट गेला, तर येत्या मेमध्ये तिला महिनाभर कापड्याला पाठवीन. शब्द देते.

तो प्लॅन घ्यावा की नाही, तुमचं मत कळवा. माया आहेच, ती अशीच पाठीशी राहू द्या.

तुमची,
आम्रपाली

कापडे,
२२ जानेवारी २०२५

चि. सौ. आम्रपालीस,
काशीबाईचा जयभीम आणि भरघोस आशीर्वाद.

कुकरचं काय एवढं मनाला लावून घेतलंस गो! मला खरंच शिट्टी वाटली. त्या मशीनपेक्षा बहिरी होते ती बरी होते.

तुझा पिलान दोनदा वाचला, मग शेजारच्या बयाबाईला वाचून दाखवला. ती म्हणते, पट्टे बांधून खायला घालायला आपण काय गुरं हाव? मी तिला गप केली, पण मनात माझ्याही तेच आलं. हवं तितकं खा म्हणजे किती खा? सकाळी तुडुंब खाल्लं तर पाळण्यात बसल्यावर सगळं बाहेर. दुपारी खाल्लं तर झोप, मग तिकिटाचे पैसे झाडाखाली घोरायला दिले काय? आणि भात हाय का नाय ते लिहिलंच नायस. वडे-भजी न् त्या नूडल्या, याला मी जेवण म्हणत नाय. भात नसेल तर फुकट दिला तरी नको. भात असेल तर घे. पोरगी खेळून भुकेजली आणि हाताशी काय नाय, असं नको व्हायला.

मी येणार म्हणजे येणार. आंबेनळीचा घाट एसटीनं चढतानासुद्धा मी डोळे मिटून बसते, तेव्हा पाळण्यात मला कोण बसवतंय बघू. खाली उभी राहून वर बघीन. महिनाभर म्हणालीस, ते मी वाचून परत वाचलं. गेल्या मेमध्ये मी अंगणात तिच्यासाठी झोपाळा बांधून ठेवला होता, तो तसाच सोडवला. राग नव्हता असं म्हणणार नाय. होताच.

आता तरी भिऊ नको. गोडाचा एक कण तिच्या तोंडात जाऊ द्यायची नाय, कितीही रडूदे. साखरेचं मला कुणी शिकवायला नको. परवा पोलादपूरच्या डॉक्टरनं माझी तपासली आणि सगळ्या बायांसमोर म्हणाला, काशीबाय, साखर कमी झाली, शाब्बास! चालून चालून आणली मी खाली. तिथं पोरगी दिवसभर पळेल, तिचीही होईल.

राजेंद्रला म्हणावं बसमध्ये मला खिडकी ठेव. नातीला माझा मुका दे आणि तू दोन घास जास्त जेव, वाळलीस फार.

तुझी सासू,
काशीबाई

महाड,
२ फेब्रुवारी २०२५

ती. आईंस,
सविनय जयभीम, वि. वि.

पत्र पोचलं. उत्तराला उशीर झाला, परीक्षेच्या बैठक व्यवस्थेत मान वर करायला सवड नाही. तुमची साखर उतरली हे वाचून फार बरं वाटलं. आमच्या शाळेच्या बाईंनाही मी तुमचं उदाहरण दिलं.

भात आहे! फोन करून विचारलं. पलीकडची मुलगी हसली, पण नीट बोलली. डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली तर प्रियूचा डबा आत नेऊ देतील, हेही तिने सांगितलं. तेव्हा प्लॅनही घेतला आणि डबाही देते आहे. दोन्हीकडून बांधलेलं बरं. हे मला हसतात, पट्टाही घ्यायचा आणि भाकरीही न्यायची, मग फायदा कसला म्हणतात. हसू देत.

तिची निळी पिशवी, डबा आणि ग्लुकोजच्या पुडीसकट, ह्यांच्याकडे असेल, इंजेक्शन हेच देतील, जेवणाच्या हॉलशी पोचल्यावर. सगळं त्यांना पढवून ठेवलं आहे. तुम्हाला साखरेचं मी काय सांगणार. एवढंच, की साखर कमी झाली तर प्रियू आपल्या तोंडाने सांगते, तेवढं तिला शिकवलं आहे. तिच्याकडे लक्ष असू द्या. तिचा हात सोडू नका.

मला उगाचच भीती वाटते आहे. परवा स्वप्नात तिला हाक मारली आणि माझा आवाजच फुटला नाही. तुम्ही आहात म्हणून पाठवते आहे, नाहीतर पाठवलं नसतं.

जपून या, आणि आमच्यावरची नजर कमी होऊ देऊ नका.

तुमची,
आम्रपाली

कापडे,
११ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. आम्रपालीस,
काशीबाईचा जयभीम. आशीर्वाद द्यायला आज हात वर होत नाय.

प्रियूला जरा चक्कर आली होती, एवढंच राजेंद्रनं तुला सांगितलं असेल. मीच त्याला गप राहायला सांगितलं, मला माझ्या हातानं लिहायचं होतं. परवापासून लिहायला बसते आणि उठते.

सकाळ चांगली गेली. तुझी पोरगी त्या नायलॉनच्या कपड्यांत बेडकीसारखी पाण्यात. नाश्ता घाईघाईत दोन घास, लक्ष सगळं घसरगुंडीवर. दुपारी जेवायच्या हॉलच्या दाराशी आलो. दार उघडं होतं म्हणून राजेंद्रनं तुझ्या सांगण्याप्रमाणं तिथंच सुई दिली, पिशवी डबा-पुडीसकट कुलपाच्या कपाटात परत ठेवली आणि बसमधली चुकलेली माणसं शोधायला गेला. आणि हॉलवाल्यांनी दारात दोरी बांधली. आत जागा नाय, टेबलं सुटली की सोडू म्हणाले. आमच्यापुढं लग्नाच्या पंगतीएवढी माणसं. हवं तितकं खायला देणारे लोक, पण कधी देणार ते कुणी सांगेना.

थोड्या वेळानं प्रियूनं माझा पदर ओढला आणि मला म्हणाली, आजी, माझी साखर कमी झालीय.

आम्रपाली, मी तिला शाब्बास म्हटलं. तिच्या पाठीवर थाप मारली. पुढच्या बाईला सांगितलं, बघा आमची नात, खेळून खेळून साखर उतरवली. ती बाईपण कौतुकानं हसली. पोरगी परत म्हणाली, आजी, मला गोड दे. काचेतून गुलाबजाम दिसत होते. मला वाटलं, लबाडी करते. मी डोळे वटारले, तुझ्या आईला शब्द दिलाय म्हटलं. ती रडली नाय, हट्ट नाय केला. नुसती खाली बसली, तिथं फरशीवर. मी तिला उठवायला हात धरला तर हात घामानं निथळत होता आणि मेल्यासारखा गार. ओठ पांढरे. माझ्याकडं बघत होती, पण मी तिला दिसत नव्हते. जीभ जड झाली होती तरी म्हणाली, तुझी कमी होते ती चांगली आजी, माझी कमी झाली तर मी मरेन.

मग मला काय झालं ते माहीत नाय. पोरीला काखेत मारली आणि दोरीखालून घुसले. पांढऱ्या टोपीवाला आडवा आला, रांगेत या, पट्टा दाखवा म्हणायला लागला. दाखवला. त्याच्या नाकासमोर मनगट धरलं आणि दुसऱ्या हातानं त्या गुलाबजामच्या भांड्यातली पळी उचलली. पाक तिच्या तोंडात घातला, थोडा थोडा. अर्धा माझ्या लुगड्यावर, अर्धा तिच्या गळ्यावर. मी तिला गीळ गो माझे आये, गीळ, एवढंच म्हणत होते. ती बाई मागून येऊन वारा घालत होती. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग पोरीनं डोळे माझ्याकडं वळवले आणि मला नीट ओळखलं. राजेंद्र धावत आला तेव्हा ती भात खात होती.

तू विचारलं होतंस पिलान परवडतो का. माझ्या घशाखाली त्यातला एक घास उतरला नाय. पण त्या पळीसाठी मी जन्मभर पट्टा बांधून फिरीन.

आता मेचं बोलू नको. मी पोरीला मारलीच होती, तिनंच स्वतःला वाचवलं. शब्द मी तुला परत देते. तू नाय म्हणत होतीस तेच बरोबर होतं.

रागाव, पण तोडू नको.

काशीबाई

महाड,
१९ फेब्रुवारी २०२५

ती. आईंस,
आम्रपालीचा सविनय जयभीम, वि. वि.

दोन पत्रं लिहिली आणि फाडली. खोटं बोलत नाही, पहिल्या पत्रात मी तुम्हाला फार वाईट लिहिलं होतं. तुमचं पत्र स्वयंपाकघरात उभ्याने वाचत होते, त्या शाब्बासपाशी आले आणि तिथेच खाली बसले. प्रियू शेजारी चित्र काढत बसली होती, तिला ओढून मांडीवर घेतलं तर ती माझ्यावर वैतागली.

मग तुमचं आधीचं पत्र काढलं. दिवसभर पळून तिचीही होईल, असं तुम्ही सरळ लिहिलं होतं. मी ते वाचलं होतं आई. वाचलं, आणि तुमचं अभिनंदन करून मोकळी झाले. वर तुम्हीच गोड देणार नाही म्हणालात, तेव्हा मला निश्चिंत वाटलं. तुमचा आजार आणि तिचा आजार, दोन्हींनाही आपण घरात ‘साखर’ म्हणतो. तुम्हाला डॉक्टर जे ऐकवून शाबासकी देतात, तेच शब्द ऐकले की मी पळत सुटते. मी रोज मुलांना एका शब्दाचे दोन अर्थ शिकवते, आणि घरातला हा एक सांगायचा राहिला. चूक तुमच्या एकटीची नाही.

काल तिला डॉक्टरांकडे नेलं, सगळं ठीक आहे. तिथे बसल्या बसल्या एक गोष्ट माझ्या लक्षात आली. डॉक्टरांनी तिचे आकडे पाहिलेत. ह्यांनी ती भात खाताना पाहिली. ती बसते कशी, ओठ कसे होतात, बघत असते आणि दिसत नसतं, हे मी एकटीने पाहिलं होतं. आता तुम्ही पाहिलं आहे. ते ज्याने एकदा पाहिलं तो परत फसत नाही. मी तिला आणखी कुणाकडे ठेवू?

मेमध्ये तिला पाठवते आहे. फार भीती वाटते. यापुढे आपण घरात ‘साखर पडली’ म्हणू, म्हणजे कुणाला शाब्बास म्हणावंसं वाटणार नाही. ग्लुकोजची पूड दोन ठिकाणी ठेवा, एक तुमच्या कनवटीला. आणि रात्री मध्ये एकदा उठून तिच्या कपाळाला हात लावा. घाम असला तर लगेच उठवून पूड द्या. मी रोज तेच करते.

तुटणारं असतं तर इतक्या वर्षांत तुटलं असतं. आशीर्वादाचा हात वर करा.

तुमची,
आम्रपाली

कापडे,
२३ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. आम्रपालीस,
काशीबाईचा जयभीम आणि पोटभर आशीर्वाद.

श्रीपतनं पत्र दिलं तशी चूल तशीच ठेवून वाचलं. पिठलं लागलं. जळकं खाल्लं, पण गोड लागलं.

तू नाय म्हणायचीस तेव्हा मला वाटायचं, शिकलेली सून, सासूवर विश्वास नाय. तुझी भीती म्हणजे मला नखरे वाटायचे. त्या दिवशी ती माझ्या काखेत ढिली पडली तेव्हा मला कळलं की तू दीड वर्षं रोज इथंच उभी हायस, आणि तुझ्या शेजारी कुणी नाय. मी एकदाच उभी राहिले तर अजून रात्री दचकून उठते.

पाठव पोरीला. मी भिणार, खूप भिणार, रोज भिणार. एकदा काय, चारदा उठून कपाळाला हात लावीन. मे महिनाभर इकडं मी जागी हाय.

तू तिकडं झोप गो बाय.

तुझी,
काशीबाई