उभी रेघ

घाटकोपर, २० फेब्रुवारी १९८६

प्रिय उत्तरा,

मावशीकडे मुलुंडला अभ्यासाला गेलीस आणि रसायनाची वहीच इथे विसरलीस. विसरलीस, की मी बघावी म्हणून ठेवलीस? रागावू नकोस, हल्ली तुझ्या बापाला संशयाची खोड लागलीय.

काल दुखण्यानंतर पहिल्यांदाच तुझी गणितं तपासायला बसलो. रंगाच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत पंचवीस वर्षं काचेची भांडी धुतली, पण रसायन शिकलो ते तुझ्याच पुस्तकातून. तयार झालेल्या पदार्थांच्या निर्मिती-उष्णतांची बेरीज करायची, त्यातून मूळच्या पदार्थांची वजा करायची. मिथेन जळतो त्या गणितात तुझा आकडा बरोबर, आठशे नव्वद. पण चिन्ह अधिक, म्हणजे उष्णता बाहेर पडायच्या ऐवजी आत ओढली जाणार! अगं, मग शेगडी पेटवली की घर गारठायचं. पुढच्या सहा गणितांतही तेच, आकडा चोख आणि उणेच्या जागी अधिक.

आधी संशय तुमच्या क्लासच्या शरच्चंद्र सरांवर गेला. शेजारच्या शुभाची वही मागून आणली, तिच्यात उणे जागच्या जागी. मग वाटलं, पोरीचं मन दुसरीकडे कुठे गुंतलं की काय? शुभाला आडून विचारलं, तर म्हणते, काका, काहीतरीच तुमचं. शेवटी वही खिडकीशी नेली. आडवी रेघ शाईपेनाची, उभी रेघ बॉलपेनाची. उभी मागाहून मारलेली. मग पानांवरच्या तारखा पाहिल्या. चार जानेवारीपर्यंत एकही उभी रेघ नाही.

चार जानेवारीला मला धाप लागून दवाखान्यात नेलंस, ते मी विसरलेलो नाही. आज पोहे काढायला डबा उपसला, तर तळाशी सांगलीच्या कॉलेजचं माहितीपत्रक. चार घड्या घालून.

म्हणून हे पत्र. बारावीच्या पेपरातही हीच रेघ मारायची, मार्क घालवायचे, सांगली आपोआप रद्द, म्हणजे मला एकट्याला सोडून जायला नको. आणि या भाऊला वाटावं, पोरीला जमलंच नाही बिचारीला. वेडे, दुधाने तोंड पोळलं ते माझं, तू ताक कशाला फुंकतेस? वनमाला आत्याला देवगडहून बोलावलंय. रविवारी येतेय, कायमची. तिच्या बडबडीपुढे धापसुद्धा टिकायची नाही. वही शुभाबरोबर पाठवतोय. सातही उभ्या रेघा ब्लेडने खरवडल्यात, कागद जरा पातळ झालाय, पण उणे दिसतंय. परीक्षेच्या हॉलमध्ये मात्र मला ब्लेड घेऊन येता यायचं नाही.

तुझाच,
भाऊ