तोल्वानेनचं ठिगळ

३ नोव्हेंबर, सोमवार

पोचले एकदाची लिंटुकोस्कीला. हेलसिंकीहून दोन गाड्या, मध्ये पिएक्सामाकीला चाळीस मिनिटं खोळंबा, बाहेर पाऊस की बर्फ ते त्यालाच ठरवता येत नव्हतं. तरी मी खुशीत आहे. महिनाभर मीटिंगा नाहीत, बॉस नाही, आणि स्टेशनवर घेतलेली ही कोरी वही आहे.

काम सोपं आहे. इम्युलेटर म्हणजे नव्या यंत्राने घेतलेलं जुन्या पीसीचं सोंग. पत्त्यांच्या कॅटाएवढ्या बोर्डावर १९९१ सालचा पीसी चालतो, त्याच्या गोगलगायीच्या गतीसकट. तो प्रोग्राम कुणी भल्या माणसांनी लिहून जगाला फुकट देऊन ठेवलाय. तो या बोर्डांवर एका आज्ञेत बसावा असा बांधून द्यायचा, याला आम्ही पॅकेज करणं म्हणतो. जिल्ह्यातल्या वाचनालयांना असे बोर्ड वाचकांना घरी न्यायला द्यायचे आहेत. लोकांना वाटतं पुडी बांधण्यात काय अक्कल लागते. वाईट बांधलेली पुडी रस्त्यात फुटते तेव्हा कळतं.

जागा म्हणजे बंद पडलेल्या कागद कारखान्याच्या कचेरीचा दुसरा मजला. तिथे ‘जुने संगणक मंडळ’ आहे. मंडळ म्हणजे सहा म्हातारे आणि चिटणीस आउने. वय शहाहत्तर, तीस वर्षं कारखान्याच्या प्रयोगशाळेत होती. दारात बूट काढायला लावले, कॉफी दिली, वेलचीचा पाव दिला आणि वीस मिनिटं एक शब्द बोलली नाही. मला बाई आवडली.

याआधी हे पॅकेज कारखान्यातलाच जुना कामगार वेइयो तोल्वानेन सांभाळायचा. तो ऑगस्टमध्ये वारला, याच खोलीत, याच खुर्चीत. खुर्ची चांगली आहे. मी तीच घेतली.

४ नोव्हेंबर, मंगळवार

दिवसभर तोल्वानेनचं काम उपसलं. देव त्याला शांती देवो, पण त्याच्या पॅकेजला कुणी देऊ नये. अकरा वर्षांत एकही गोष्ट फेकलेली नाही. सहा वर्षांपूर्वी मेलेल्या बोर्डांसाठी लिहिलेल्या सूचना तशाच. एका फाइलचं नाव ‘शेवटची’, दुसरीचं ‘खरी शेवटची’. मूळ प्रोग्राममध्ये आपल्यापुरते जे बदल करायचे त्यांना आम्ही पॅच म्हणतो, म्हणजे ठिगळच. प्रत्येक ठिगळावर ते का लावलं याच्या दोन ओळी लिहायच्या, हा आमच्यातला पहिला संस्कार. तोल्वानेनची एकोणीस ठिगळं, आणि कारण म्हणाल तर एकावरही नाही. फक्त सातव्यावर तीन शब्द: ‘हे काढू नका.’

आता हे सातवं काय आहे ते लिहूनच ठेवते, नाहीतर पुढे मलाच खोटं वाटेल. इम्युलेटरसोबत चालवून बघायला एखादा जुना प्रोग्राम द्यावा लागतो. जुने खेळ देता येत नाहीत, त्यांचे हक्क कुणाकुणाकडे अडकलेत. मंडळाकडे हक्काचा एकच प्रोग्राम आहे: कारखान्यातली पाळीची वही. इम्युलेटर सुरू केला की ती आपोआप उघडते, नाव विचारते, आणि आल्याची वेळ मांडते. झालं, एवढंच. तोल्वानेनचं सातवं ठिगळ काय करतं? समोरच्या माणसाचं बोट पोचायच्या आत त्या जागी स्वतः ‘तोल्वानेन’ असं लिहून टाकतं. दर वेळी, प्रत्येक बोर्डावर. म्हणजे रोवानिएमीच्या एखाद्या पोराने यंत्र सुरू केलं तरी हजेरी लागणार ती तोल्वानेनची. भिंतीवर नावं कोरणारे लोक मी पाहिलेत, पण दुसऱ्यांच्या घरात शिरून कोरणारा हा पहिलाच.

आउनेला हसून सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, वेइयो अकरा वर्षं रोज इथे यायचा, नाताळलासुद्धा. सख्खा भाऊ कुओपिओत वारला तेव्हाही गेला नाही. मी मनात म्हटलं, घरी कुणी विचारत नसेल. मग ती म्हणाली:

“ते सातवं राहू दे गं काइसू. त्याला तेवढं एकच हवं होतं.”

म्हाताऱ्यांच्या भावना जपायला मला पैसे मिळत नाहीत.

५ नोव्हेंबर, बुधवार

काढलं. एकोणीसपैकी चौदा ठिगळं काढली, सातवं सर्वांत आधी. बदलांच्या नोंदीत लिहिलं: ‘आधीच्या सांभाळणाऱ्याची आत्मपूजा काढून टाकली.’ जरा बोचरं आहे, पण ही नोंद जगभर वाचली जाते आणि कुणीतरी बोलायलाच हवं.

पॅकेज नव्याने बांधलं, बोर्डावर चढवलं. पहिल्या झटक्यात सुरू. वहीने नाव विचारलं, मी ‘रुओनाला’ हे माझं आडनाव लिहिलं, तिने वेळ मांडली ८.०२. तोल्वानेनच्या राज्यात सुरू व्हायला चाळीस सेकंद लागायचे, आता नऊ. त्या आनंदात एक बोर्ड खोक्यात घालून घरी पोस्टाने पाठवला. रविवारी पितृदिन आहे, नवऱ्याला, यार्क्कोला, भेट होईल, आणि हिल्लाला तर असल्या गोष्टींचं वेड. नऊ वर्षांची मुलगी जे मोडू शकत नाही ते कुणीच मोडू शकत नाही, तेव्हा चाचणीही होईल. सगळ्यांसाठी पॅकेज शुक्रवारी चढवायचं.

आउनेने मंडळाच्या सॉनाला बोलावलं होतं. उठायचा कंटाळा आला, गेले नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

पाळीच्या वहीत एक चूक दिसते. माझी आल्याची वेळ कालची ८.०२ आहे, गेल्याची जागा रिकामी. यंत्र बंद करून सुरू केलं, बोर्ड बदलला, मेमरी कार्ड पुसलं. तीच ओळ. कोऱ्या कार्डावर कालची नोंद येतेच कशी? कुठेतरी जालावर साठवत असेल म्हणून तार काढली. तीच ओळ.

आउनेला विचारलं. तिच्या मते चूक नाहीच. कागदाचं यंत्र थांबवता येत नाही, म्हणून पुढच्या पाळीचा माणूस येऊन उभा राहिल्याशिवाय आधीच्याने जागा सोडायची नाही, असा कारखान्याचा नियम होता. बदली आला, की मगच आधीच्याचं ‘गेला’ मांडलं जायचं. एकदा वेइयोची बदली म्हणून एक जण पिऊन आला, तर वेइयो उठलाच नाही. एका जागेवर दोघं चालत नाहीत, म्हणून मुकादमाने त्या पिणाऱ्याला घरी पाठवलं आणि वेइयो सव्वीस तास उभा राहिला. आउनेला याचं फार कौतुक. मला विचाराल तर असल्या लोकांमुळेच कारखाने बुडतात.

मग मी आधीची पानं उलटली. माझ्या वरती एकच ओळ आहे. तोल्वानेन, आला: १० मार्च २०१४. गेला: ५ नोव्हेंबर, ८.०२.

तो ऑगस्टमध्ये मेला. त्याला पुरलं. आउने स्वतः गेली होती.

घड्याळाची गडबड असणार. या बोर्डांना स्वतःचं घड्याळ नसतं, काहीही दाखवतात. आज पाय फार जड झालेत. खुर्ची वाटली तेवढी चांगली नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

पॅकेज चढवलं नाही. भीती वगैरे काही नाही, वहीचा घोळ निस्तरल्याशिवाय अर्धवट माल द्यायची मला सवय नाही.

वहीच पॅकेजमधून काढून टाकली. पुन्हा बांधलं, सुरू केलं. वही उघडली. नसलेला प्रोग्राम उघडला.

दुपारपासून खालून घरघर ऐकू येते. आउनेला म्हटलं, खाली कुणी यंत्र लावलंय का?  यंत्रं २००९ सालीच भंगारात गेली म्हणाली. मग कॉफी ओतली, आणि दोन्ही हातांनी कप माझ्या हातात दिला, आजाऱ्याला देतात तसा. मला असली कीव आवडत नाही.

उद्या घरी. पितृदिन, केक, हिल्ला. दोन दिवस या पडद्याचं तोंड बघायचं नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

नीट क्रमाने लिहिते. १०.१४ची गाडी पकडली. खिडकीशी जागा होती. समोरच्या बाईच्या कुत्र्याला लाल स्वेटर होता. पिएक्सामाकीला उतरले, फलाटावर उभी राहिले, हेलसिंकीची गाडी आली, पायरीवर पाय ठेवला.

पाय खोलीतल्या लाकडी जमिनीवर पडला. मी खुर्चीत होते. कोट अंगात, बॅग मांडीवर. तिकीट फोनवर, न तपासलेलं. घड्याळात १०.१४.

यार्क्कोला कळवलं, काम निघालं म्हणून. तो म्हणाला, तुझं नेहमीचंच.

९ नोव्हेंबर, रविवार

टॅक्सीने प्रयत्न केला. मग पायी, बर्फाच्या चिखलातून, पुलापर्यंत. पूल ओलांडला की खुर्ची. तीन वेळा.

बूट दाराशी आहेत. कोरडे.

तोल्वानेन भावाच्या अंत्ययात्रेला गेला नव्हता. मी काय काय बोलले त्याच्याबद्दल.

१० नोव्हेंबर, सोमवार

आउनेला सगळं सांगितलं. ती वेड्यात काढेल वाटलं होतं. तिला ठाऊक होतं, किंवा अर्धं ठाऊक होतं. वेइयोने तिला एकदाच सांगितलं होतं की ती वही ज्याचं नाव घेते त्याला धरून ठेवते, आणि लोक तर घराघरांत यंत्र सुरू करणार. म्हणून त्याने सगळ्यांच्या जागी आपलं नाव घातलं. मेल्यावरही ते नाव पुरत होतं.

आत्मपूजा म्हणाले मी. नोंदीत लिहून म्हणाले.

सातवं ठिगळ परत लावलं. वहीने नाव घेतलं नाही. ‘तोल्वानेन: सेवा समाप्त.’ जाग्यावर असलेल्याचंच नाव चालतं. म्हणजे माझं. ठिगळात ‘रुओनाला’ लिहायचं, आणि मग कुणीही कुठेही सुरू केलं तरी हजेरी माझीच. जन्मभर. आणि नंतरही.

हिल्लाची शाळा. ती मोठी होणार. मी इथे.

दुसरा काही उपाय असेलच. मी याच्यापेक्षा हुशार आहे, अजून एक दिवस डोकं लावते. खोकं घरी पोचलंय. यार्क्कोला फोन करून सांगितलं, तो बोर्ड जोडू नकोस, त्यात चूक आहे. तो हसला.

“तुझ्या कामात चूक? कॅलेंडरवर लिहून ठेवतो. बरं, कपाटात टाकतो.”

खरं सांगायला हवं होतं. जीभ रेटली नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार, सकाळ

उपाय नाही. ठिगळात माझं नाव लिहिलं. बांधतेय. यार्क्कोने नवं चढवलं की त्या बोर्डाचंही भय जाईल. नोंदीत लिहिलं: ‘सातवं परत. वेइयो तोल्वानेन बरोबर होता. काइसू रुओनाला.’

दुपारी दोन

बांधून झालं. यार्क्को कामावर, फोन उचलत नाही. हिल्ला शाळेतून सुटली असेल. किल्ली तिच्या गळ्यात असते. एकटीच घरी असते चारपर्यंत. कपाट तिच्या उंचीचं —

तिला फोन लावला. लागत नाही.

२.२०

पडद्यावर नवी ओळ.

रुओनाला ह. आली: १४.२०.

खाली: बदली हजर. रुओनाला का. जाऊ शकते.

पाय हलके झालेत. एकदम. आठवड्यात पहिल्यांदा. दार उघडं आहे, मी उघडलं नव्हतं. घरघर थांबली.

नाही. मी उठणार नाही. आधीचा उठला नाही तर बदलीला परत पाठवतात. एका जागेवर दोघं नाही. आउनेने सांगितलं. वेइयो सव्वीस तास — मी बसते. कितीही. जन्मभर बसते, ऐकलंत का, जन्मभर. तिला पाठवा. ती नऊ वर्षांची आहे, तिला घरी —

२.३१

ओळ तशीच. दोन्ही नावं.

खुर्ची मला ढकलते आहे. पाय टेबलाला बांधलेत, केबलने. उजवा हात लिहायला मोकळा.

फोन वाजतोय. मघाशी खिडकीतच ठेवला, चार पावलांवर. इथून नाव दिसतंय. हिल्ला.

घाबरली असेल. आई उचलत का नाही म्हणत असेल. उचलायचं तर उठावं —

थांबला.

पुन्हा वाजतोय. बाळा, मी इथेच आहे, मी उठत ना