छकुली शोध निधीचा जाहीर हिशेब

३ नोव्हेंबर १९९७, जळोची

पोचले एकदाची! सांगलीहून निघताना आईनं बजावलं होतं, उसाचा मुलूख तो, डास फोडून खातील. डास आहेत, पण खोली झकास आहे. खिडकीतून मक्याचं रान दिसतं, पलीकडे नवी घरं उठताहेत. घरमालकीण साखरबाईंनी माझी जात, माझा पगार आणि लग्न का झालं नाही एवढं विचारून घेतलं, मग कुठं चहाला आधण ठेवलं. बी.कॉम. होऊन दोन वर्षं घरात माशा मारल्यावर हा पगार मला लॉटरीच वाटतो, तसं मी सांगूनही टाकलं. नोकरी कुणाकडं, म्हणाल्या. छकुली शोध निधी समितीत हिशेब लिहायला, म्हटल्यावर त्यांनी तिथंच हात जोडले. लई पुण्याचं काम हाय विजयमालाताई, म्हणाल्या, आणि माझ्या कपात दूध वाढवलं.

छकुली सात वर्षांची, सांगवीच्या म्हाळसाबाईंची एकुलती एक पोर. नवरा मागंच वारलेला. श्रावणात इंदापूरच्या बाजारात पोरीच्या हातातून आईचा पदर सुटला आणि ती गेली ती गेलीच. मग मानसिंगरावांनी पुढाकार घेऊन समिती काढली. उद्या त्यांना भेटायचंय, पोपटी साडी नेसणार आहे.

९ नोव्हेंबर

आज इंदापूरचा पहिला बाजार पाहिला. मानसिंगराव म्हणजे इथल्या दोन्ही तालुक्यांत वट असलेला माणूस. जीप त्यांची, भोंगा त्यांचा, खानावळ त्यांची, पोस्टरं छापणारा छापखाना मेव्हण्याचा. जीपमध्ये पुढच्या सीटवर म्हाळसाबाई पोरीचा फोटो छातीशी धरून बसतात. भोंग्यावर मजकूर वाचला जातो (तो आता मी लिहिते, आज तीन बाया रडल्या!) आणि लोक घमेल्यात नोटा टाकतात. फोटोत पोरीच्या डाव्या भुवईत जुन्या जखमेची रेघ आहे, तेवढीच तिची खूण.

खरी मजा नंतर आली. चावडीपुढं जाहीर हिशेब! कुणी किती दिले, कशावर किती गेले, सगळं मोठ्यानं. जीपचं भाडं मानसिंगरावांना, जेवणं मानसिंगरावांच्या खानावळीत, हेसुद्धा लपवत नाहीत. भोंग्यावर स्वतःचं नाव आलं की माणूस मिशीवरून हात फिरवतो, बाकीचं ऐकतंय कोण! शेवटी खजिनदार गेणबा आबा भंडारा उचलतात. इकडची रीतच आहे ती. खंडोबापुढच्या ताटातली हळद मुठीत घ्यायची आणि हिशेब खरा आहे म्हणून सांगायचं. मुठीत भंडारा असताना खोटं बोललं तर वंश बुडतो, म्हणे. भंडारा उचलला की विषय संपला, कागद कुणी मागत नाही.

गेणबा आबा लोणी देवकरकडचे बागायतदार, सत्तरीतले, कपाळ कायम पिवळं. मी त्यांना म्हटलं, आबा, ऑडिट शिकायला मी कॉलेजात तीन वर्षं घालवली, तुमचं चिमूटभर हळदीत भागतंय. सगळे हसले. आबा तेवढे हसले नाहीत. द्येवाची चेष्टा करू न्हाय, म्हणाले.

१६ नोव्हेंबर

आज जे पाहिलं ते लिहावंसं वाटत नाही, पण लिहिल्याशिवाय झोप लागायची नाही. भोंगा चालू असतानाच कुणीतरी ओरडलं, पोरं पळवणारा घावला! घोंगड्या विकणारा एक परमुलखातला माणूस होता. एका लेकराला त्यानं लिमलेटची गोळी दिली होती, एवढाच गुन्हा. आधी चपला, मग काठ्या, मग कुणीतरी तराजूतलं वजन उचललं. त्याचा जबडा तुटल्याचा आवाज मला जीपमध्ये ऐकू आला. तो हात जोडत होता, तर जोडलेल्या हातांवर मारत होते.

मानसिंगरावांनी भोंगा थांबवला नाही. ह्यो आईचा तळतळाट हाय, म्हणाले. माणसाला टेम्पोत घालून नेलं आणि रक्तावर माती लोटली. त्यानंतर घमेलं दोनदा भरलं. बेरीज मी दोनदा केली, कारण एवढी जमा मला खरी वाटेना. मग तीच मी स्पष्ट आवाजात वाचून दाखवली आणि आबांनी भंडारा उचलला.

२३ नोव्हेंबर

मानसिंगराव म्हणाले, मजकूर जरा तिखट करा ताई, गोड ऐकून मानसं कटाळली. मी म्हटलं, मागच्या बाजारचं तिखट कमी होतं का? त्यावर ते हसले आणि माझा पगार वाढवल्याचं तिथल्या तिथं सांगितलं. मी तिखट केलं. अनोळखी माणसासंगं लेकरू दिसलं तर विचारत बसू नका, आधी धरा, असं लिहिलं. लाज वाटते. आईला मनिऑर्डर केली.

३० नोव्हेंबर

मारली. बाईला मारली.

वेडसर होती बिचारी. पदरात चिंध्यांची बाहुली घेऊन फिरायची. पदराखाली लेकरू हाय, एवढं कुणीतरी म्हणालं. पहिला दगड डोक्यात बसला तरी ती बाहुलीवर वाकली, तिला वाचवायला. मग उसाच्या कांड्या, काठ्या, लाथा. बायकासुद्धा होत्या. एक डोळा बाहेर आला होता. शेवटी पदर ओढला तर चिंध्या निघाल्या. लोक एकमेकांकडं बघत पांगले आणि घरी जाऊन जेवले असतील.

म्हाळसाबाई जीपमधून उतरल्या होत्या. त्यांनीही दगड मारला, मी पाहिलं. परत येऊन बसल्या तेव्हा फोटोवर रक्ताचा अंगठा उमटला होता.

जमा आजवरची सगळ्यात जास्त. अर्ध्यावर मी वही मिटली, तर मानसिंगरावांनी उरलेलं स्वतः वाचलं.

७ डिसेंबर

चंपाषष्ठी नुकतीच झाल्यामुळं चावडीपुढं गर्दी मावत नव्हती. हिशेब झाला, आबांनी भंडारा उचलला. आणि आजवर तोंड न उघडलेल्या म्हाळसाबाई जीपमधून उतरून ताटापाशी आल्या. म्हणाल्या, पैशाचं मला काय करायचं हाय? माझी पोर कुठं हाय ते म्हाईत न्हाय, असा भंडारा उचला समद्यांनी.

मानसिंगरावांनी उचलला. हसत, कांदे उचलावेत तसा. ड्रायव्हरनं उचलला, मीही उचलला. आबा पुढं आले, हात ताटापर्यंत नेला आणि मागं घेतला. मी हिशेबाची शपथ घेतो, दुसरी घेत न्हाय, म्हणाले, आणि गर्दीतून निघून गेले. म्हाताऱ्याला चक्कर आली, असं मानसिंगरावांनी भोंग्यावर सांगितलं. लोकांना पटलं.

मला नाही पटलं. जो माणूस रुपयासाठी बेधडक भंडारा उचलतो, तो पोरीसाठी का उचलत नाही?

९ डिसेंबर

चेकवर सही पाहिजे असं निमित्त काढून आबांच्या वस्तीवर गेले. त्यांची बायको शकुबाई यांनी चहा दिला. आबा सही करत होते तेव्हा मी हात धुवायला म्हणून गोठ्यामागं गेले.

कडबा कापायच्या यंत्राशेजारी एक लेकरू बसलं होतं. डोकं भादरलेलं, अंगात पोराचा सदरा. हातावर डागण्या दिल्यासारखे गोल व्रण. मला बघताच त्यानं स्वतःचं तोंड दोन्ही हातांनी दाबून धरलं. डाव्या भुवईत रेघ.

शकुबाई मागं येऊन उभ्या होत्या. भैनीचा नातू हाय, मुका हाय, म्हणाल्या. आवारात सात-आठ ऊसतोडे कोयते घेऊन उभे होते. मी, बरं बरं, असं म्हणून चहा संपवला. घरी आल्यावर दाराला आतून कडी घातली.

११ डिसेंबर

म्हाळसाबाईंना गाठायला दोन दिवस गेले. मानसिंगरावांनी त्यांना आपल्या खानावळीमागं खोली दिलीय, सारखं कुणीतरी सोबत असतं. आज नळावर एकट्या सापडल्या. कानात सांगितलं, तुमची पोर जिवंत आहे, मी पाहिली.

त्यांनी माझं थोबाड फोडलं. ओठ फाटला. समितीनं लावलेल्या बक्षिसापायी असे छप्पन्न जण येऊन गेले म्हणे, कुणी पुण्यात पाहिली, कुणी पंजाबात. केस धरून माझं डोकं नळावर आपटलं. परत हे तोंडात आणलं तर जीभ हासडीन, म्हणाल्या. मला राग आला नाही. नुसतं रडू आलं.

पोलीस मानसिंगरावांच्याच खानावळीत जेवतात. आता एकच उपाय आहे. पोरच नेऊन त्यांच्यापुढं उभी करायची.

१४ डिसेंबर, सकाळी

आज बाजार. आबा आणि मानसिंगराव इंदापुरात असतील, ऊसतोडेही बाजाराला जातात, वस्तीवर शकुबाई एकट्या. ताप आलाय असा निरोप पाठवलाय. एसटीनं लोणी देवकर, तिथून पोर घेऊन थेट बाजारात, जीपपुढं. सगळ्यांदेखत. वही आणि पेन्सिल पिशवीत घेतलीय, जे होईल ते लिहून ठेवायला हवं. भीती वाटते. खूप वाटते.

१४ डिसेंबर, उसात

पटापट लिहिते.

शकुबाईनं कबूल केलं. मी न विचारताच, मी समितीचीच माणूस असं धरून, भाकरी थापत. स्टँडावर घावली तवा लगेच द्यायचीच हुती, म्हणाली. पर मानसिंगराव म्हणलं, एवढा बाजार हूं द्या. मग पुढला. आमी तिला पोटभर घालतो, आमाला पाप न्हाय. आणि डागण्या? रडती ना, म्हणाली. आवाज काढला तर तुझ्या आईला कापू, असं सांगून ठेवलंय.

मी चुलीतलं लाकूड उचललं. एकदा मारलं. ती माझ्या वेणीला लटकली, विळ्यानं माझा दंड चिरला. मग मी थांबले नाही. तिचं तोंड — जाऊ दे. जिवंत आहे, ओरडत होती. मला तिला मारताना बरं वाटलं. हेही लिहून ठेवते.

फाट्यावर एसटीची वाट बघत होतो. लोकांनी पाहिलं. परकी बाई, अंगावर रक्त, हातात लेकरू. एकानं शिट्टी मारली. पोरीला उचलून उसात पळाले.

—

इंदापूरहून जीप आली. भोंगा. पोपटी साडीची बाई, शकुबाईला मारून तिचा नातू पळवलाय — नातू म्हणतोय. नातू! छकुलीचं नावच नाही.

दंडातून रक्त थांबत नाही. पाचटावर थेंब पडलेत, त्या वाटेनं येतील —

चारी बाजूंनी माणसं. कोयत्यानं ऊस तोडत येताहेत. फडात सपासप आवाज.

म्हाळसाबाई सगळ्यांच्या पुढं आहेत. हातात कोयता.

ओरड गं छकुली. आई म्हण. एकदाच म्हण. तुझी आई आहे ती, तिला कुणी कापणार नाही —

तोंडावरचे हात काढत नाही. मी ओढले. जीव खाऊन दाबलेत. डोळ्यांतून पाणी, पण आवाज —

मी ओरडले, ही छकुली आहे! पोर पळवून वर बोंबलतीय, म्हणताहेत —

दिसल्या. मला पाहिलं त्यांनी. पोरीकडं बघतच नाहीत, नुसतं माझ्याकडं — अहो बाई, आधी हिच्याक