बिनसुईची सिरिंज

५ ऑक्टोबर
आजपासून सूत्रं माझ्या हातात. लग्नाला आठ वर्षं झाली, मूल नाही, आणि मधुवंतीच्या सगळ्या तपासण्या नॉर्मल. म्हणजे चुकतेय ती पद्धत. इंटरनेटवर घरच्या घरी करायची गर्भधारणेची प्रोसेस वाचली: कप, बिनसुईची सिरिंज, योग्य दिवस. ह्यात डॉक्टर कशाला हवा? मी अख्ख्या कॉलनीची पाण्याची लाईन टाकलेला माणूस आहे.

चुलतभाऊ शंतनु डॉक्टर आहे. म्हणाला, दादा, पहिले स्वतःची जांच करवून घे. पण ग्वाल्हेरच्या कुठल्याही लॅबमध्ये आपल्या मराठी समाजातलं कोणीतरी भेटतंच, मग गावभर बातमी. दिवाळीनंतर बघू, मी म्हटलं.

७ ऑक्टोबर
आमच्या थाटीपुरात सगळे ओळखतात, म्हणून सिरिंजसाठी मुरारला गेलो. दुकानदाराने विचारलं, किसके लिए. तोंडातून निघून गेलं, कुत्ते का पिल्ला है, दवा पिलानी है. त्याने जंताचं औषधही गळ्यात मारलं. असो. गुप्तता राहिली.

१५ ऑक्टोबर, सकाळ
मधुवंतीच्या योग्य दिवस सांगणाऱ्या पट्टीवर दुसरी रेघ गडद झाली. म्हणजे आजच. कप घेऊन बाथरूममध्ये गेलो. बराच वेळ लागला. बाहेरून तिने हळूच विचारलं, झालं का. असं विचारल्यावर कोणाचं होईल? शेवटी झालं.

तिने कप नेला, आतल्या खोलीचं दार लावलं, मग पाय भिंतीला टेकवून पडून राहिली. मी शिरा केला. गुठळ्या झाल्या, पण तिने खाल्ला.

२९ ऑक्टोबर
नाही. मधुवंती फार रडली. मी समजावलं, ही ट्रायल होती. कारण सापडलंय: सिरिंज थंड होती.

२६ नोव्हेंबर
नाही. कारण: वरच्या मजल्यावरच्या लग्नाचा डीजे. त्या दणदणाटात काय रुजणार? तिने पुन्हा माझ्या टेस्टचा विषय काढला. लग्नसराई संपू दे म्हटलं.

२४ डिसेंबर
नाही. थंडी. नवी सिरिंज आणायला गेलो तर दुकानदाराने पिल्लाची चौकशी केली. अब तो बड़ा हो गया होगा, म्हणाला. हो म्हटलं. बाहेर स्कूटरवर जरा बसून राहिलो. मुरारला धूळ फार.

२१ जानेवारी
नाही. पण प्रगती आहे. मधुवंती रडली नाही. उलट तिनेच माझी समजूत घातली. टेस्टचं तर नावही काढत नाही. पद्धतीचा मनावर किती चांगला परिणाम होतो, हे शंतनुला सांगायला हवं.

४ फेब्रुवारी
आजचं काम उत्तम झालं. ह्या वेळी नक्की. शिऱ्यात काजू घातले. मुलीचं नाव ठरवलं, ऋजुता. मधुवंतीला सांगितलं. ती उठून स्वयंपाकघरात गेली. आनंद झाला की ती बोलत नाही.

५ फेब्रुवारी
नाव ऐकल्यावर तिला राहवेना म्हणे. आज मला समोर बसवून सगळं सांगितलं.

डिसेंबरात तिने कप शालीत गुंडाळून, ई-रिक्शाने लॅबमध्ये नेला होता. त्यात एकही शुक्राणू नव्हता. जानेवारीत दुसऱ्या लॅबमध्ये नेला. तिथेही काहीच नाही. दोन्ही रिपोर्ट पाहून शंतनु म्हणाला, वहिनी, ह्याने घरी काही होणार नाही, दादाला मोठ्या डॉक्टरकडे आणा. मला कसं सांगायचं ते तिला कळेना. कालचा कप तिने सरळ बेसिनमध्ये ओतला.

मग पाय भिंतीला लावून का पडलीस, मी विचारलं. ती म्हणाली, त्या दिवशी तू घरभर गुणगुणत फिरतोस. ते मला बंद करवेना.

लॅब चुकली असेल, असं म्हणायला तोंड उघडलं. दोन्ही कशा चुकतील, हे माझं मलाच सुचलं. मग रडू आलं. तिच्यासमोर असा कधी रडलो नव्हतो.

थोड्या वेळाने तिने विचारलं, मेथी करू का. मी कर म्हटलं. जुडी मध्ये ठेवून दोघं निवडत बसलो. मी पानं टाकत होतो आणि देठं ठेवत होतो. तिने पाहिलं, आणि टाकलेली पानं आपल्याकडे ओढून घेतली.