बॉनेटवरचा हार

रविवार, संध्याकाळ

जिंकले मी आणि हार गाडीला. अण्णांनी स्वतःच्या हाताने बॉनेटवर घातला.

झरीच्या चिखलातल्या शर्यतीत आज घरच्या दोन गाड्या उतरल्या. एकाच मिस्त्रीने खास शर्यतीसाठी बांधलेल्या. इंजिन, टायर, उंची, सगळे सारखे. एक दादाकडे, एक माझ्याकडे. काळ्या मातीच्या खड्ड्यात दादाने जोरात रेस दिली. चाके जागच्या जागी फिरत रुतली. शेवटी गाडी ट्रॅक्टरने ओढून काढावी लागली. त्याच खड्ड्यातून मी पाय हलका ठेवून सावकाश बाहेर आले.

काका म्हणाले, "गाडी लय दमाची हाय बाई. कुणी बी बसलं असतं तरी निघाली असती."

"दादा बसला होता की तसल्याच गाडीत."

"त्याच्या गाडीत खोट हाय," अण्णा म्हणाले. हार सरळ करत.

गेल्या वर्षी दादा जिंकला तेव्हा हार त्याच्या गळ्यात होता. काय हात आहे पोराचा, म्हणत होते सगळे. गाडीचे नावही कुणी काढले नाही. माझे हात कुठे होते आज?

जेवताना अण्णांनी सांगून टाकले, पुढच्या शर्यतीत माझी गाडी दादा चालवणार. भांडायला हवे होते का? मी चावी दादाच्या ताटाशेजारी ठेवली. "घे," मी म्हणाले.

हार अजून बॉनेटवरच आहे. मी काढणार नाही. चालवू दे त्याला. गाडी बदलेल, पाय त्याचाच राहील.