कापलेली दोरी

द्वारका, दिल्ली
मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार

चि. वैजू हिला ताईचे अनेक आशीर्वाद.

आम्ही सगळे ठीक. तिकडेही तसंच असेल असं धरून चालते. फोन असताना ताईने पत्र का लिहिलं, असं तुला वाटेल. तुमच्याकडे फोन स्पीकरवर टाकून दिवाणावर ठेवतात आणि घरदार भोवती बसतं. हे घरादाराचं नाही. एकटी असशील तेव्हा वाच.

थंडी पडली आहे. गॅलरीत ऊन आलं की मी खुर्ची ओढते, डोक्यावरून विमान गेलं की उठते, परत बसते. सून म्हणते, आई, जरा टेका. टेकवत नाही गं.

आमची नात कृतिका कॉलेजच्या पोहण्याच्या स्पर्धेत दुसरी आली. एरवी खारीएवढी, पण पाण्यात पडली की मासोळी. आणि त्या दिवशी तिची पाळी चालू. मी विचारलं, अगं, पाण्यात कसं काय? तर तिने मला ती वस्तू दाखवली. टॅम्पॉन म्हणतात. बोटाएवढी कापसाची घट्ट गुंडाळी, टोकाला दोरी. आत सरकवायची, आतच रक्त शोषून घेते, बाहेर काही नाही. आपण चिंध्या धुऊन परकराखाली लपवून वाळवायचो, आठवतं? पोर पाळीचं सांगत होती आणि माझं डोकं भलतीकडेच. आत राहते, पडत नाही, एवढंच मी धरून ठेवलं.

आता लिहिते. पोहणं आणि थंडी उगाच लांबवली. वैजू, माझं अंग बाहेर येतं. उकिडवं बसलं, शिंकलं, बादली उचलली की गर्भाची पिशवी खाली उतरते. आडवं पडून आत सारायची, वर कापडाची घडी ठेवून लंगोट आवळायचा आणि कामाला लागायचं. असंच चाललं होतं.

मग एकदा कृतिका कॉलेजला गेल्यावर तिच्या खणातली एक घेतली. आडवी झाले, अंग आत सारलं, मागोमाग ती बसवली, बाटलीला बूच लावावं तशी. आणि काय सांगू तुला, उठले तर मोकळी. लंगोट नाही की काही नाही. सोसायटीच्या बागेला फेऱ्या मारल्या, देवळात आख्खी आरती उभ्याने केली. शेजारच्या कौरबाई म्हणाल्या, आज क्या बात है माताजी, बिल्कुल जवान लग रही हो. मी हसले आणि हसताना पाय आवळले नाहीत.

फक्त एक झालं. ती दोरी खाली लोंबत होती. नव्या झंपराला शिलाईचा दोरा राहतो ना, तसलीच वाटली. कात्रीने कापून टाकली.

संध्याकाळी काढायला गेले तर धरायचं कशाला? बाथरूममध्ये बरीच खटपट केली. दुखायला लागलं, रक्त दिसलं. शेवटी कृतिकालाच हाक मारली. वाटलं, हसेल. हसली नाही. स्टुलावर बसली आणि म्हणाली, "आजी, हे कधीपासून आहे?"

"तुझा बाप झाला तेव्हापासून."

आमचा पुष्कर पन्नाशीला आला. पोर रडायलाच लागली, मग मीच तिला गप्प केलं.

तशीच मला रिक्षात घालून डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. त्यांनी चिमट्याने ते काढलं आणि ओरडल्या. ही पाळीची वस्तू, तीसुद्धा काही तासांनी बदलायची, विसरलं तर अंगात विष भिनतं. पण रक्त होतं ते निराळंच. लंगोटाला घासून घासून बाहेर येणाऱ्या अंगावर जखम झाली होती आणि मला पत्ता नाही. ती भरायला औषधात भिजवलेली पट्टी आत भरतात, रोज नवी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हाही टॅम्पॉनच आजी, फक्त औषधाचा. जखमेचा तुकडा तपासला, वाईट काही निघालं नाही. तो निकाल येईपर्यंत मी घरातले सगळे डबे घासून काढले.

जखम आता भरत आली. संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी आपरेशन धरलं आहे. भीती वाटते, म्हणून तर खुर्चीत टिकत नाही. पण आनंदही मावत नाही. मला मुलगी नाही, हे कुणाला सांगावं कळलंच नव्हतं, आणि सांगितलं तर कुणी तोंड वाकडं केलं नाही.

आता तुझं. पुतणीच्या लग्नात तू पंगतीला खाली बसली नाहीस, गुडघे दुखतात म्हणालीस. जिने मात्र भराभर चढत होतीस. आणि बाथरूममध्ये साडीखाली एक घडी वाळत होती. माझीही तशीच असते, म्हणून ओळखली.

मी डॉक्टरीणबाईंना विचारलं. सगळ्यांनाच आपरेशन लागत नाही, काहींचं पिशवी वर धरायला आत रबराचं कडं बसवूनही भागतं, पण तपासल्याशिवाय सांगता येत नाही म्हणाल्या. मी त्यांच्याकडे तुझं नाव नोंदवून ठेवलं आहे.

तुझ्या दुखण्यासाठी तुझ्या घरातून कुणी तुला दिल्लीला धाडणार नाही, आणि तू तरी कुठे तोंड उघडणार? पण ताईचं आपरेशन म्हटलं की आमचे जावईबापू, तुझे यजमान, स्वतः स्टेशनवर सोडायला येतील. त्यात खोटं काहीच नाही. माझं दुखणं सांग, हवं तर वाढवून सांग. इथे दारात पाय ठेवलास की मग तुझं सांग.

तुझी, आणि तुझ्यासारखीच,
ताई