लाल हील्स आणि एक वीट

मी, सुगंधाबाई कारभारी गाडेकर, वय बासष्ट, धंदा लेडीज सँडलचं दुकान, राहणार मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाखाली न येता लिहून ठेवते. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. टाचा उंच असल्या तरी माझं डोकं ठिकाणावर आहे.

१. शहागंजमधील दुकान माझ्या स्वकष्टाचं आहे. ते सर्व मालासह माझी सून शालू हिला देते. मुलगा अजिनाथ याचा त्यावर हक्क राहणार नाही. कारण देणं बंधनकारक नाही, तरी देते. गेल्या वर्षी सिल्लोडला नात्यातल्या लग्नात शालूने आपल्याच दुकानातले सोनेरी, खड्यांचे हाय हील्स घातले होते. त्यात ती अजिनाथपेक्षा दोन बोटं उंच दिसू लागली. तो भर मांडवात म्हणाला, “काढ ते. लोकं हसायलेत.” पोरगी दिवसभर अनवाणी पंगतीला वाढत होती. मी त्याला तिथंच विचारलं, “तुला लोकं दिसायलेत, बायकोचे पाय दिसंनात व्हय?” ते सोनेरी हील्स मी उचलून आणले आहेत. तेही शालूचेच.

२. दुकानाबाबत शालूस सूचना: गिऱ्हाइकाला शक्यतो संध्याकाळी बोलवावं, तेव्हा पाय जरा सुजलेले असतात आणि माप खरं कळतं. गालिच्यावर नाही, फरशीवर चालायला लावावं. टाच डुगडुगली तर कितीही डिझायनर असो, परत खोक्यात. नवरा सोबत आला तर त्याला स्टुलावर बसवून चहा पाजावा. टाच किती उंच हवी, हे मात्र त्याला विचारू नये.

३. कपाटातले लाल पेन्सिल हील्स कोणालाही देत नाही. मी नवऱ्यापेक्षा वीतभर उंच, म्हणून लग्नात सासूबाईंनी माझे टाचेचे सँडल काढून घेतले. तरी भागेना, तेव्हा फोटोपुरती नवऱ्याच्या पायाखाली वीट सरकवली. पुढे मी सँडलचंच दुकान टाकलं, तेही सासूबाई हयात असताना. लाल हील्स पहिल्याच दिवशी स्वतःसाठी काढून ठेवले. ते पायात घालूनच मला न्यावं. तिरडी लांब करावी लागली तर करावी.

४. राहतं घर नवऱ्याच्या नावे आहे, त्याचं ते बघतील. माझी बँकेतली ठेव अजिनाथला. पोटचा मुलगा आहे, माया तुटत नाही. ती लग्नातली वीटही मी जपून ठेवली आहे, तीही त्यालाच. कमीपणा वाटेल तेव्हा त्याने त्या विटेवर चढावं, शालूला खाली उतरवू नये.

वरील सर्व वाचून, लाल हील्स घालून, उभ्याने सही केली आहे.

सुगंधाबाई कारभारी गाडेकर
छत्रपती संभाजीनगर, दि. ९ जानेवारी २०२५

साक्षीदार:
१. रूपाली राजेंद्र जाधव, दुकानातील मदतनीस
२. कारभारी कडुबा गाडेकर, पती. वीट माझ्या पायाखाली आईने सरकवली होती, मी मागितली नव्हती. मला मान वर करून बघायची सवय आहे.